उशाशी कोण होतं

वडील : ...आरसा एकच होता, हेही लिही. फांदीला तारेनं टांगलेला. आधी मी दाढी करायचो, मग त्याच मगातल्या पाण्यात भोंगा. फेस थंड झाला म्हणून रोज मला शिव्या द्यायचा. त्या सकाळीही दिल्या. मग चहा झाला. मग ओल्या फडक्यानं बूट पुसले, नाड्या आवळल्या. वेगळं असं काहीच नव्हतं.

लेक : बाबा, सावकाश. आणि जबानीत ‘भोंगा’ चालणार नाही. खरं नाव लिहावं लागेल.

वहिनी : लिही गं भोंगा. अख्खी पलटण ह्यांना भोंगाच म्हणायची. आमच्या लग्नपत्रिकेवरचं नाव वाचून निम्मे जवान विचारत होते, हा कोण नवरदेव?

वडील : वहिनी, त्याचा आवाजच तसा होता. चौकीवरून हाक मारली की खालच्या पाणवठ्यावरचे पक्षी उडायचे.

लेक : काकू, तुम्ही बसा ना. किती वेळ त्या शिलाई मशीनला टेकून उभ्या आहात.

वहिनी : तीस वर्षं कारखान्यात उभं राहून बायकांवर ओरडलेय मी. बसले की मला सुचत नाही. पुढे सांगा, भाऊजी. नाड्या आवळल्या. मग?

वडील : मग बिल्ले बदलले.

लेक : हे नीट सांगा. लष्कराचं नोंद कार्यालय नेमकं हेच विचारणार आहे. ओळखीचे बिल्ले का बदलले?

वडील : आमच्या तुकडीची रीत होती. गस्तीला निघताना जोडीदारानं जोडीदाराचा बिल्ला गळ्यात घालायचा. दुसऱ्याची वस्तू परत करायची म्हटलं की माणूस परत येतोच, असं आम्ही मानायचो. साहेबांना कळलं असतं तर सगळ्यांची सालटी काढली असती. पण आमच्या आधीच्या पोरांनीही तेच केलेलं. माझं नाव त्याच्या गळ्यात, त्याचं माझ्या.

वहिनी : आणि त्या खुळ्या रीतीपायी आज सरकारी कागदावर तुमचा पाय तुटलाय.

वडील : डावा. गुडघ्याखाली. लष्करी हॉस्पिटलातला तरुण डॉक्टर कागद बघतो, माझ्याकडे बघतो, पुन्हा कागद बघतो. म्हणाला, आजोबा, तुम्हाला डावा पाय नाहीये. मी म्हटलं, मग इथपर्यंत कुणाच्या पायावर चालत आलो?

लेक : त्यात हसण्यासारखं काही नाही, बाबा. मणक्याजवळ तेव्हापासून रुतलेला लोखंडाचा तुकडा सरकतोय. शरीर आणि नोंद जुळत नाही तोवर ते दाखल करून घेणार नाहीत. आणि काकू, ती नोंद बदलली की काकांचीही बदलते. म्हणून तुमची सही लागते.

वहिनी : नाही केली तर?

वडील : तर माझे पाय जातील. मग नोंद आपोआप बरोबर होईल.

वहिनी : तुमची जीभ काही सरकली नाही अजून. बोला. तो दिवस मला सगळा ऐकायचाय. आजवर तुम्ही मला एकच वाक्य ऐकवलंत, जागच्या जागी गेला. आज कागदासाठी सांगताय, तर तसंच सांगा.

वडील : वहिनी...

वहिनी : जे माझ्या नवऱ्यानं सोसलं ते मला ऐकवेल.

वडील : मोरीवरून रस्ता जात होता. त्याच्या पाठीवर पेट्रोलचा डबा, वरच्या चौकीसाठी. मी त्याच्यामागे चार पावलांवर. त्यानं काहीतरी सांगायला मान वळवली आणि पायाखालची जमीन उठली. सुरुंग होता. मी खाली मोरीत फेकला गेलो. पाठीत निखारे घुसल्यासारखं झालं. वर बघितलं तर एक जाळ उभा होता आणि तो जाळ ओरडत होता.

लेक : बाबा, थांबूया का?

वहिनी : थांबायचं नाही.

वडील : मला वर चढायचं होतं. तेवढ्यात शत्रूचे दोघं मोरीत उतरले. एकाला वरून आमच्यातल्याच कुणाची तरी गोळी लागली. दुसरा माझ्या अंगावर आला. बंदूक कुठे उडाली होती ठाऊक नाही, हाताला फावडं लागलं. मानेवर घातलं. पहिल्या घावात मेला नाही. माझा दंड चावत होता. मी घालतच राहिलो. तो कधी संपला ते मला कळलंच नाही, वहिनी. मी मातीवर घाव घालत होतो. आणि वरून भोंग्याचा आवाज येत होता. वर दुसरा स्फोट झाला आणि तो एकदम तुटला. दोरी कापल्यासारखा. मी म्हटलं, सुटला बिचारा.

वहिनी : पुढे?

वडील : त्या दुसऱ्या स्फोटानं मोरीचं तोंड दगडांनी बुजलं. त्या मेलेल्या माणसाशेजारी मी पडून होतो. त्याच्या बाटलीतलं पाणी प्यायलो. तिसऱ्या दिवशी दगड हटवून निघालो. चौकीवर पोचलो तर मला बघून स्वयंपाक्याच्या हातातलं पातेलं सुटलं. मी मेलो होतो. हॉस्पिटलात, खाटेवर, माझ्या नावानं. माझ्या आईला तिकडे बोलावूनही घेतलं होतं.

लेक : आणि काकांच्या नावापुढे तोवर ‘बेपत्ता’ लिहिलेलं होतं. बाबा परतल्यावर नावांची अदलाबदल झाली. पण जखमांचा कागद बाबांच्याच फाइलमध्ये राहिला. एवढी वर्षं बाबांनी त्या हॉस्पिटलची पायरी चढली नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

वहिनी : थांब. हॉस्पिटलात कोण मेलं?

वडील : भोंगा. म्हणजे त्याला नेलं तिथे, पण आई पोचायच्या आधीच तो गेला होता. आईनंच सांगितलं मला.

वहिनी : जागच्या जागी गेलेल्या माणसाला खाट कशाला लागते, भाऊजी?

लेक : बाबा, मला काही सांगायचंय. कागदाची नक्कल मागच्या आठवड्यात हाती आली. मी तुम्हाला फक्त पहिलं पान दाखवलं.

वडील : का?

लेक : सगळं दाखवलं असतं तर तुम्ही इथे आलाच नसता. पाय गेले असते तरी आला नसता.

वहिनी : वाच.

वडील : वहिनींपुढे नको.

वहिनी : वाच म्हणते ना!

लेक : दाखल झाल्याची तारीख त्याच दिवसाची आहे, संध्याकाळची. मृत्यू... त्यानंतर दोन दिवसांनी, पहाटे. डावा पाय कापला. छाती, हात, चेहरा भाजलेला. खालचा जबडा स्फोटात गेलेला.

वडील : म्हणून आवाज तुटला. म्हणून... आणि मी म्हटलं, सुटला.

वहिनी : दोन दिवस. शुद्धीवर होते?

लेक : काकू...

वहिनी : शुद्धीवर होते का?

लेक : परिचारिकेनं लिहिलंय. रुग्णास नावाने हाक मारली असता जोरजोराने मान नकारार्थी हलवतो. खाटेच्या लोखंडावर डोके आपटतो. हात बांधून ठेवले आहेत. भ्रमिष्ट अवस्था.

वहिनी : भ्रमिष्ट! अरे, तो सांगत होता! तोंड नव्हतं, तर मानेनं सांगत होता, मी तो नाही, मी तो नाही! आणि त्या लोकांनी त्याला बांधून घातला!

(वहिनींनी फेकलेला काचेचा कप भिंतीवर आदळून फुटतो.)

वडील : पोरी, सरक. काचेवर पाय पडेल. मी उचलतो.

वहिनी : हात लावू नका. माझी काच मी उचलेन. तुमच्या आईला बोलावलं होतं ना तिथे? ती काय करत होती?

वडील : आई म्हणाली, ती पोचली तेव्हा तो...

लेक : आजी पहिल्याच रात्री पोचली होती, बाबा. शेवटपर्यंत तिथेच होती. कागदावर आहे.

वडील : आई माझ्याशी खोटं बोलली?

लेक : शेवटच्या आजारात मी तिच्या पायांची नखं काढत होते, तेव्हा म्हणाली, तुझ्या बापाच्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, लहानपणापासून. मी म्हटलं, माहीत आहे. तर म्हणाली, हॉस्पिटलातल्या त्या पोराची सरळ होती. मला वाटलं, भरकटली. कागद वाचला तेव्हा अर्थ लागला.

वहिनी : म्हणजे तिला कळलं होतं.

लेक : पहिल्या रात्रीच.

वहिनी : कळलं होतं आणि गप्प बसली! तिच्या एका शब्दावर शोध सुरू झाला असता. रात्रीतून मला गाडीत घातलं असतं. मी पोचले असते. दोन दिवस होते! इथे ह्याच खोलीत मी बेपत्ताची तार उराशी धरून बसले होते आणि तिकडे तुमची आई माझ्या जागेवर बसली होती. जिवंत असती तर आत्ता तिच्या झिंज्या धरल्या असत्या मी.

वडील : धरायलाच हव्या होत्या.

वहिनी : मेलेल्या बाईशी भांडताही येत नाही. का बसली ती? विचारलं नाहीस?

लेक : विचारलं. मी अर्धवटच ऐकत होते, पण शब्द लक्षात आहेत. म्हणाली, हा माझा नाही असं म्हटलं असतं तर मला बाहेर काढलं असतं. मग खरी माणसं शोधून आणेपर्यंत तो एकटा. डॉक्टर म्हणत होता, रात्रसुद्धा काढणार नाही.

वडील : आणि मी? हा तिचा नाही, म्हणजे मी कुठे आहे, हे तिनं कुणाला विचारलं नाही?

लेक : नाही. तुम्ही कुठे पडला असाल ते ठाऊक नसताना ती काकांपाशी बसली. म्हणाली, माझ्या पोराजवळही कुणीतरी बसलं असेल, असं धरून चालले.

वडील : माझ्याजवळ कोण होतं, हे बरं झालं तिला कळलं नाही.

वहिनी : अजून काही आहे त्या कागदावर? लपवू नकोस आता.

लेक : एक नोंद आहे. दुसऱ्या दिवसाची. आईने नावाने हाक मारणे थांबवले आहे. केवळ ‘बाळ’ म्हणते. रुग्ण शांत. हात सोडले. आईचा हात सोडत नाही.

वडील : वहिनी, पाणी देऊ?

वहिनी : त्यांना आई नव्हती. लहानपणीच गेली. चुलत्यानं वाढवलं, पट्ट्यानं. ‘बाळ’ असं त्यांना कधी कुणी म्हटलं नसेल. मीसुद्धा नाही. मी कशाला म्हणेन?

वडील : सही राहू द्या. मी दुसरीकडे दाखवतो. खासगीत कुठेतरी.

वहिनी : गप्प बसा. मरायची घाई तुमच्या घराण्यात कुणालाच नव्हती, तुम्ही नवी सुरू करू नका. कुठे करायची सही?

लेक : इथे. जखमा, शस्त्रक्रिया, दाखल आणि मृत्यूच्या तारखा, सगळं बाबांच्या फाइलमधून काकांच्या फाइलमध्ये जाईल. बाबांच्या फाइलमध्ये पाठीच्या जखमेचा नवा दाखला लागेल. आणि इथे दुसरी सही.

वहिनी : ह्या ओळीपुढे रेघ का मारलीस?

लेक : ‘रुग्णाजवळ उपस्थित’. तिथे ‘आई’ आहे. काकांची आई आधीच गेलेली, हे त्यांच्या भरतीच्या कागदावर आहे. ही ओळ तशीच त्यांच्या फाइलमध्ये गेली तर कार्यालय म्हणेल, नोंद खोटी. सगळा अर्ज परत येईल. म्हणून मी दुरुस्ती सुचवली आहे.

वहिनी : काय दुरुस्ती?

लेक : ‘कोणी नाही’.

वडील : खरं आहे. नात्यानं कुणीच नव्हतं.

लेक : काकू, हवं तर ‘पत्नी’ लिहिता येईल. ते कुणी तपासणार नाही.

वहिनी : मी नव्हते तिथे. खोटं कशाला? पेन आण इकडे.

लेक : अहो, ह्या ओळीमुळे अर्ज अडकेल.

वहिनी : अडकला तर मी जाईन त्या कार्यालयात. पायऱ्यांवर बसेन. कारखान्यात मालकाला घाम फोडलाय मी, तो बाबू काय चीज आहे? भाऊजी, त्या बाईला मी माफ केलेलं नाही. हे लक्षात ठेवा.

वडील : ठेवतो.

लेक : काय करताय, काकू?

वहिनी : तुझं ‘कोणी नाही’ खोडतेय. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, जरा बघ. ‘आई’ लिहिलंय. वाचता येतंय ना?

लेक : येतंय.