नातीसाठी स्पॅनिश

...आणि मला सांगा, माझी सूटकेस हरवलीच नाहीये, तर महिनाभर 'माझी सूटकेस हरवली' का म्हणत बसू मी? प्रवाशांसाठी स्पॅनिश म्हणे! मोबाइलवर पहिला धडा सूटकेस, दुसरा स्टेशन कुठे आहे, तिसरा दोघांसाठी टेबल... अहो, दोघं कोण? आमचे जॉर्ज विमानाचं नाव काढलं की गुडघा धरतात! "माका खंय व्हरतंस गो सेवरीना? मी हंयच बरो आसंय!"

मला पाहिजे एवढंसं. माझ्या लेकीची, फेबीची मुलगी तिकडे व्हॅलेन्सियात, लुसिया, पाच वर्षांची, स्पॅनिशशिवाय अक्षर बोलत नाही. तिला म्हणायचंय, ये, मांडीवर बस, केसांना तेल लावते. त्याचा धडा नाही! चौतीस वर्षं वेंगुर्ल्यात मराठी शिकवलं मी, आणि हा मोबाइल मला म्हणतो, 'पुन्हा प्रयत्न करा'! व्हिसाचे कागद दोनदा परत आले, दोनदा! तेव्हा काय म्हणायचं? त्याचाही धडा नाही!

तर झालं काय, गेल्या रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावला. लुसियाने नवे बूट दाखवले, मी 'छान छान' म्हटलं, आणि फोन ठेवायची वेळ आली. फेबी म्हणते, "मम्मी, आदिओस म्हण." मी म्हणणार? आपल्याकडे उंबऱ्यावरून कोणी 'जातंय' म्हणतं का? शेजारची मथुरा वाटीभर मीठ घेऊन वळली तरी 'येतंय हां' म्हणते! मग 'येते'ला काय? त्याचा धडा नाही! शेवटी हॉटेलला फोन करायच्या धड्यात सापडलं, 'या येगो'. म्हणजे आत्ता पोचतेच. ऐकायलाही कसं घरचं वाटतं! म्हटलं खणखणीत. पोर टुणकन उडाली... आणि मी फोन ठेवला.

संध्याकाळी फेबीचा फोन. "मम्मी, तू काय सांगलंस तिका? चेडू तीन तास दारात बसान आसा, नवे बूट घालून! जेवूक येणा नाय!"

तीन तास हो! आपल्याकडे 'येते' म्हणून गेलेल्या बाईची कोणी वाट बघतं का? त्या पोरीने बघितली. माझी.

"आता तूच सांग, येणार नाहीस म्हणून." फोन लुसियाच्या हातात. आता, स्पॅनिशमध्ये 'नाही' म्हणायला काय लागतं? 'नो'! एक अक्षर! पण जीभ उचलेना. मला जायचंय हो तिकडे, फार जायचंय, ती दारात आणि मी इकडे भाताला फोडणी देत...

म्हटलं, "मान्याना." उद्या.

तेव्हापासून ती रोज फोन करून विचारते, आणि मी रोज मान्याना म्हणते. फेबी म्हणाली, मम्मी, उच्चार मात्र अगदी इथल्यासारखा झालाय तुझा.