रिपोर्टाआधीची उपकारस्तुती

नगरच्या दवाखान्यात आईचा नंबर कधी लागतोय याची वाट बघत हसीना बाकावर बसली होती. शेजारी एका नवरा-बायकोची सारखी चुळबुळ चालली होती. ऐकायचं नाही म्हटलं तरी तिचे कान तिकडंच जात होते.

"शनिवारी घरी उपकारस्तुती ठेवलीय. चर्चच्या पाळकांना सांगितलं, गल्लीतबी सांगितलं."

"कशाची उपकारस्तुती?"

"तुमच्या गळ्यातली गाठ साधी निघाली, त्याची."

"अगं, रिपोर्ट अजून आत हाय! डॉक्टर काय बोलला न्हाई, आन् तू देवाचे आभार मानायला मान्सं बोलावलीस?"

"मिळाल्यावर कुनीबी आभार मानतंय. मिळालंच असं धरून मागावं, मंग देव देतो."

"आन् वाईट निघालं तर?"

"तसलं तोंडातून काढू नका."

"माझा न्हाई बसत एवढा विश्वास, रिबका."

"नसू द्या. तुमच्या वाटचा मी धरलाय."

"मंग सकाळपास्नं घोटभर चहा का गेला न्हाई तुला?"

"गप बसा वो."

दारातनं नर्सनं नाव पुकारलं, "शांतवन साळवे! आत या."

तो उठला. ती उठली नाही. तिनं दोन्ही हातांनी बाकाची कड धरून ठेवली होती.

"चल की."

"तुमी जावा. मी हितंच बसते."

वाट द्यायला हसीनानं पिशवी मांडीवर घेतली. तो दारापर्यंत गेला, तिथनं माघारी आला आणि बायकोपुढं हात केला.

"चल. शनिवारला खुर्च्या कुनाच्या आनायच्या, ते बाहेर आल्यावर ठरवू."