डबीतली मशेरी

चमचाभर नमुना पुरे? घ्या की मग, डबी पुढ्यातच आहे — पण पूर्वीताई, ते नाव परत सांगा. बेंझो... हां, बेंझोपायरीन. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर जाळली की त्या जळण्यातच ते तयार होतं, आणि त्यानं कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे बघा, बाजारातून आणलेलं नाही, माझ्याच हातानं भाजलेलं! इथं चंदीगडात मशेरी कोण विकणार? यांची बदली झाल्यापासून साताऱ्याहून तंबाखू मागवते आणि घरीच भाजते — खिडक्या लावून, नाहीतर वरच्या कौर आंटी खोकत खाली येतात. मंद आचेवर भाजली तर कमी होतं का हो ते? तुमच्या मोहालीच्या लॅबमध्ये तसं काही... नाही ना. वाटलंच मला.

सोडून बघितली की. चारदा! तिसऱ्या दिवशी डोकं असं धरतं, पोट साफ होत नाही, येईल-जाईल त्याच्यावर खेकसते — शेवटी यांनीच हात जोडले, लाव बाई एकदाची म्हणाले. माझं जाऊ द्या, माझी पन्नाशी उलटली. नाही, घरात दुसरं कुणी नाही लावत. रेवा? ती बारावीला आहे, ती कशाला — असं का बघताय? एकदाच लावली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी दाढ ठणकत होती, दातांचे डॉक्टर गावाला गेलेले, पोर रडून रडून बेजार. माझ्या आईनं मला अशीच लावली होती, मी तिला लावली. गप झोपली. एवढंच.

एवढंच कुठलं! महिनाभर पुरणारी डबी आता पंधरा दिवसांत खडखडते. विचारलं तर म्हणते, "मम्मी, आप भी तो लगाती हो." भीती वाटते हो मला, फार भीती वाटते.

ऐका, चमचाभर नको, सगळीच न्या. फळीवरचं तंबाखूचं पुडकंही न्या, आणि ती यायच्या आत निघा, क्लास सुटला असेल — अहो, थांबा, थांबा! तळाशी थोडी राहू द्या. उद्या सकाळपुरती. दोघींपुरती. बघताय काय? जा तुम्ही.