ग्वाल्हेरहून आलेली पेटी

(इंदूर, एप्रिल १९५१. हिवाळ्याचा मुक्काम आटोपून सरकार ग्वाल्हेरहून परतलं आहे. हेडक्लार्क दत्तोपंत आणि पाहणीचे कारकून दिवाकर दफ्तराच्या पेट्या उघडत आहेत.)

दिवाकर : थांबा पंत, ती गाठ सोडू नका. ती माझ्या हातची आहे.

दत्तोपंत : तुमच्या? कधीची?

दिवाकर : ऑक्टोबरातली. निर्वासितांच्या पाहणीचे कागद आहेत. दोरी सापडेना, म्हणून हिच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून बांधले होते.

दत्तोपंत : म्हणजे तिकडे कुणी उघडलेच नाहीत?

दिवाकर : गाठ जशीच्या तशी आहे.

दत्तोपंत : अहो, ऐसा तो चलता ही है. होळकर सरकारात तीस वर्षं काढली मी; तेव्हा दफ्तर निदान एका जागी बसायचं. आता सहा महिने इथं, सहा महिने तिथं. पुन्हा वर पाठवू, त्यात काय.

दिवाकर : आता पाठवून काय उपयोग? लेथवर माणसं मिळेनात, म्हणून इथल्या एका कारखान्यानं जानेवारीत कानपूरहून आणली. आणि कराचीच्या गोदीत लेथच चालवणारे अकरा टर्नर या गठ्ठ्यात पडलेत. घरोघर हिंडून लिहिलेत मी.

दत्तोपंत : मग तुमचं काम तुम्ही चोख केलंत.

दिवाकर : नाही ना. त्यातला एक चंदीराम. दिवाळीनंतर त्याला एका मिलच्या फाटकावर चौकीदारी मिळत होती. मला विचारायला आला. मी म्हटलं, मत लो.

दत्तोपंत : का बरं?

दिवाकर : हाताला कुठलंही काम लागलं की कारागिरांच्या यादीतून नाव कमी, असा आपलाच नियम. वाटलं, महिन्याभरात यादी वाचतील, याला लेथ मिळेल.

दत्तोपंत : आणि तो थांबला.

दिवाकर : फेब्रुवारीपर्यंत. मापाची हत्यारं कराचीहून उराशी धरून आणली होती, ती विकली. त्याची बायको आधी मला चहा विचारायची, मग नुसती दारात उभी राहायला लागली. मला त्या गल्लीत जायची लाज वाटते, पंत.

दत्तोपंत : आता काय करतो?

दिवाकर : स्टेशनावर हमाली.

दत्तोपंत : मनाला लावून घेऊ नका, भिया. साहेबांना संध्याकाळी आकडा हवाय, निर्वासितांपैकी किती कामाला लागले त्याचा. याला कुठे धरू?

दिवाकर : कामाला लागले, त्यात.

दत्तोपंत : तेवढाच आकडा बरा दिसेल.

दिवाकर : दिसेल.

दत्तोपंत : पण त्याला एकदा भेटून खरं ते सांगून टाका.

दिवाकर : भेटला आज सकाळीच, जिन्यात. विचारत होता, साहब, मेरा कागज़ ग्वालियर से लौटा क्या.

दत्तोपंत : मग?

दिवाकर : मी म्हटलं, अजून नाही. तेव्हा ही पेटी त्याच्याच डोक्यावर होती.