हात सुटला, चाल झाली

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे ज्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आपलं मंडळ इतकी वर्षं फुकटात लढाया करत आलं ते आपले दातांचे डॉक्टर. व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या प्राचीन युद्धखेळ मंडळाचे संस्थापक सचिव, ज्यांना आपण प्रेमाने, निदान सवयीने तरी, सेनापती म्हणतो. आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला सांगण्यात आलं, ‘तुम्ही त्यांचे सर्वांत जुने प्रतिस्पर्धी, दोन शब्द गोड बोला.’ मी फ्रीज दुरुस्त करणारा माणूस. गोड बोलणं माझ्या धंद्यात बसत नाही, तरी प्रयत्न करतो.

पाहुण्यांसाठी सांगतो. समोरच्या टेबलावर हे जे बोटाएवढं सैन्य उभं आहे ना, त्याच्याशी आम्ही घोडे झालेली माणसं खेळतो. पट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि हजारो वर्षांपूर्वीच्या लढाया नव्याने हरायच्या. सेनापती फारसे हरले नाहीत. कसे हरतील? त्यांचा फासा टेबलाखाली पडला आणि आकडा चांगला निघाला, तर तो धरायचा. वाईट निघाला, तर ‘छे छे, खाली पडलेला चालत नाही!’ हसू नका हो, कौतुकच चाललंय.

एक नियम मात्र त्यांनी स्वतः घातला आणि कधी मोडू दिला नाही. सैनिक ठेवला आणि हात सुटला, की चाल झाली. मग ‘चुकलं, जरा सरकवतो’ नाही. मंडळाच्या टेबलावर हा नियम सगळ्यांना सारखा, असं ते नाकाने कांदे सोलत सांगत. आठवतंय ना, सेनापती?

हे समोरचे हत्ती माझ्या दादाने रंगवलेत. माझा सख्खा मोठा भाऊ, चष्म्याच्या दुकानातला. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर भिंग लावून बसायचा, दोन केसांच्या कुंचल्याने हत्तींच्या पापण्या काढायचा. वहिनी म्हणायची, ‘माझ्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नाहीत.’ वहिनी आज इथेच बसली आहे, मागच्या रांगेत.

पुढे दादाचा हात थरथरायला लागला. आजार होता. तरी जिना चढून आला, सेनापतींच्या रोमन फौजेसमोर खेळायला बसला. हत्ती पुढे नेताना बोटं हलली आणि हत्ती उलटा बसला. सोंड स्वतःच्याच तिरंदाजांकडे! दादा म्हणाला, ‘अहो, हात थरथरला. सोंड तेवढी समोर करतो.’ आणि आपले सत्कारमूर्ती काय म्हणाले? ‘हात सुटला, चाल झाली.’

फासा वाईट पडला, हत्ती बिथरला, सोंड होती त्या दिशेने आपलीच माणसं तुडवत गेला, दादा हरला. हसला, चहाचा कप विसळून ठेवला आणि घरी गेला. पुन्हा या जिन्याने वर आला नाही. मला तेव्हा याच टेबलावर तुमचं डोकं आपटावंसं वाटलं होतं, सेनापती. आजही वाटतं. डॉक्टर, घंटी नका वाजवू, झालंच.

दादा गेल्यावर वहिनीने हे सैन्य खोक्यात घालून इथे आणलं. म्हणाली, ‘मंडळात राहू दे, सगळ्यांनी खेळावं.’ सेनापती म्हणाले, ‘मी सांभाळतो,’ आणि खोका घरी नेला. आयत्या बिळावर नागोबा! तेव्हापासून ते ‘माझे हत्ती’ झाले. उद्या सकाळी त्यांचं सामान मुलाच्या गावी निघणार आहे, त्यात हे हत्तीही. मी विचारलं, तर मला म्हणतात, ‘तुझ्या वहिनीने माझ्या हातात दिलं. ज्याच्या हातात, त्याचं.’ चोर तो चोर, वर शिरजोर!

बरं, तुमचाच न्याय धरू.

आज संध्याकाळी डॉक्टरांनी, आणि मीही, कितीदा म्हटलं, ‘राहू द्या, आम्ही मांडतो.’ पण सत्काराच्या फोटोत हत्ती दिमाखात दिसायला हवेत ना! त्यांनी खोका उघडला, आपल्या हातांनी एकेक हत्ती मंडळाच्या टेबलावर मांडला, हात झटकले आणि व्यासपीठावर जाऊन बसले. इथल्या प्रत्येकाने पाहिलं. काय हो मंडळी, पाहिलं ना?

सेनापती, हात सुटला. चाल झाली.

बसा, बसा, उठू नका. आता सरकवता येत नाही, नियम तुमचाच आहे. सैन्य मंडळात राहील, वहिनीने सांगितलं तसं. रिकामा खोका मात्र तुमचा, तो उद्या आठवणीने टेम्पोत चढवा.

मला बोलू दिल्याबद्दल डॉक्टरांचे, ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. माझ्या तोंडून काही कमी-जास्त गेलं असेल तर सभेने पोटात घालावं. सत्कारमूर्तींनी नाही घातलं तरी माझी हरकत नाही.

आणि वहिनी, जरा पुढे ये. तो कडेचा हत्ती बघ, ज्याची नखं रंगवायची राहिली, तो दादाचा शेवटचा. सेनापतींनी आजही त्याला पाठमोराच ठेवलाय. आता चाल आपली आहे. त्याची सोंड तेवढी समोर कर.