पियानोची तडकलेली चौकट

पियानोनं माणसाचा जीव जाऊ शकतो म्हणलं तर तुमी हसाल, पण त्या दिवशी मी लय भ्यालो होतो. सत्त्याऐंशी साल असेल. सासऱ्यांनी हैद्राबादहून आणलेला जुना, भला मोठा पियानो मानवतच्या आमच्या घरात नुसता पडून होता. तो सुरात लावायला तिकडूनच करीमचाचा नावाचे म्हातारे कारागीर आले. झाकण उघडून ते किल्लीनं तारा ताणायलेत आणि मी बॅटरी धरून आत वाकून बघायलोय. तेवढ्यात आतून कट्ट असा आवाज आला.

चाचा थांबले. आत बोट फिरवून हळूच म्हणाले, "बिडाची चौकट तडकली. सगळ्या तारांचा ताण हिच्यावर हाय. ही तुटली तर लोखंड तोंडावर येईल. तुमी बाहेर जा."

मी तिथंच उभा.

"जाव मियाँ," ते परत म्हणाले. मग त्यांनी एकेक तार थोडी थोडी सैल करायला घेतली. किल्ली फिरली की चौकट कुरकुरायची. असं दोन तास चाललं. शेवटची तार सैल झाली तेव्हा चाचा खालीच बसले. घाम पुसत म्हणाले, "जिगर है मियाँ तुम्हारा. मेरे को अकेला छोड के नै गए."

मी नुसती मान हलवली. आजवर कोणाला सांगितलं न्हाई, पण त्यांनी पहिल्यांदा जा म्हणलं तेव्हाच मी निघालो होतो. पायच उचलत नव्हते.