एकजीव होण्याचा नवस

येरमाळ्याला येडेश्वरीच्या रांगेत जगदेवी नारळ घेऊन उभी होती. ‘घरात सून येऊ दे,’ एवढंच मागणं ती पुटपुटत होती. पण पुढच्या मायलेकींनी तिचं पुटपुटणं बंद पाडलं.

“आई, नवस फेडू नकोस. माझं चुकलंय!”

“आगं शिवांजली, पुरणपोळ्या लाटून आणल्यावर सांगतीस व्हय? आन् खिदळतीस काय? कम्प्युटरवर नळीतलं दोन रंगांचं पाणी एकजीव झालं म्हणलीस ना?”

“कम्प्युटरवर झालं. खरी नळी केसाएवढी गं. तिच्यात लाल आन् निळं पाणी शेजारी-शेजारी वाहतं, लवकर मिसळतच नाही.”

“मग कम्प्युटर खोटं बोलला?”

“त्यानं नळीचे चौकोन पाडले. एका चौकोनाला एकच रंग. मधल्या चौकोनात दोन्ही रंग आले की सरासरी काढून जांभळा. तोच जांभळा पुढच्या चौकोनात. मी चौकोन बारीक केले, तर जांभळा जवळजवळ गायब! म्हणजे मिसळले ते चौकोनांमुळं, पाणी मिसळलंच नव्हतं.”

“आता सरांस्नी काय सांगणार? परवा समद्यांपुढं बोलायचंय तुला.”

“हेच सांगणार! चूक दुसऱ्या कुणाच्या आधी मलाच घावली. नाचू का इथंच?”

“नाच. पर नवस फेडायचाच.”

“का?”

“म्या मागितलं व्हतं, लेकीच्या कम्प्युटरवर पाणी एकजीव दिसू दे. दिसलं का न्हाय? देवीचं कुठं चुकलं?”

रांग सरकली. जगदेवीनं नारळ घट्ट धरला आणि घाईघाईनं मागणं दुरुस्त केलं.

“सून येऊ दे, आई. आन् ती आमच्यात मिसळू दे. नुसतं दिसायपुरतं न्हाय.”